बॅग गाडीने, आई हवेतून

हॅलो?… हो ताई, इवोनीच बोलतेय. उतरली का आई विमानातून, तुमच्या रेसीफेला?… बरं झालं. बॅग आली?… येईल, नीट बघ, निळी आहे, दोरी बांधलेली.

काय?… हो, इथल्या विमानतळापर्यंत बसवलं ना हेलिकॉप्टरमध्ये… नाही गं. काही वेळ वाचला नाही.

अगं ऐक ना. सकाळी नदीकाठचा रस्ता तुंबलेला, मला ऑफिसात मीटिंग. म्हटलं, गाडीत दोन तास अडकण्यापेक्षा हवेतून झटकन जाईल… हो, माझेच दोन तास वाचवायचे होते. बोल, बोल तू.

हेलिकॉप्टर सुटतं त्या गच्चीवर गेल्यावर आधी तिला काट्यावर उभं केलं… अगं, वजन करतात सगळ्यांचं. आकडा मोठ्याने वाचला. ती पर्स छातीशी धरून हसत होती. मला कुठे बघावं कळेना… मग बॅग जड निघाली. म्हणाले, ही नाही नेता येणार.

मग काय, मी नेली. गाडीने… विमानतळापर्यंत, हो… मीटिंग सोडली… हो ताई, बॅगेसाठी सोडली. आईसाठी नाही सोडली.

आणि पोचलेही मीच आधी… खरंच. ढग खाली आलेले, म्हणून त्यांना गच्चीवरच बसवून ठेवलं. उतरवलं ते विमानतळाच्या पार दुसऱ्या टोकाला, तिथून परत गाडी… मला बघून म्हणाली, "यायचंच होतं तर मला का नाही आणलंस?" रागाने नाही गं. साधंच विचारलं.

नाही, एवढंच नाही… थांब, सांगते. आई काउंटरवर बॅग देत होती. हेलिकॉप्टरमध्ये तिच्याशेजारी बसलेली बाई माझ्याकडे आली, हात हातात घेतला, म्हणाली, "आईच्या लग्नाबद्दल अभिनंदन."

ताई?… तुला माहीत होतं?… ती स्वतःच सांगणार होती मला? गाडीत… हो. पंधरा दिवस म्हणत होती, विमानतळावर जाताना निवांत बोलू.

मी काय म्हणणार? थँक्यू म्हटलं, माहीत असल्यासारखं. ती बाई म्हणाली, नवरदेव टॅपिओकाची धिरडी भाजतात ना? म्हटलं, हो, छान भाजतात. तेव्हा कळलं, आपल्या कोपऱ्यावरचे अन्सेल्मोकाका… आईला कुठल्या तोंडाने विचारू? गेली आत.

दे तिला. दे ना.

आई… हो, मीच… नाही, घाईत नाही. घरीच बसलेय. सांग ना… नाही गं, मला कुणी काही सांगितलं नाही…

कोण?… ती बाई याच विमानात होती?… काय म्हणाली?… तुमच्या मुलीला फार आनंद झालाय म्हणून…

हो… हो आई. आत्ता खोटं बोलले. त्या बाईशीही खोटंच बोलले… लाज वाटली. तुझं लग्न मला परक्या बाईकडून कळावं, आणि तेही… नाही, तुझं काय चुकलं? तू कधी सांगणार होतीस? मी तुझ्याजवळ बसत कुठे होते?

तरी सांग. तुझ्या तोंडून सांग… काका आधी काय म्हणाले?… टॅपिओका उलटवता उलटवता?… आणि तू लगेच हो म्हणालीस?… रडत नाहीये. हसतेय.

ताई मागून काय म्हणतेय?… गाडी काढायचीय? बरं, जा. घरी पोचलीस की पुढचं… नाही, तू नको करूस. मीच करते फोन. ठेव.