एक्केचाळीस अर्ज आणि एक पँट

नाही नाही, मला तुम्हीच सांगा, अर्ज मोठा की पँट मोठी? नऊ वर्षं मी अर्ज करतोय, आमच्या बिल्डिंगसमोर पांढरे पट्टे मारा, गतिरोधक टाका, माणसांना जीव मुठीत धरून पळायला लावू नका... एक्केचाळीस अर्ज! प्रत्येकावर पोचेचा शिक्का! आणि पट्टे आणले कुणी? तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी! आता मला हेवा वाटतो असं नाही हं. मुळीच नाही.

अर्ज तरी कुणासाठी? आमच्या हिच्यासाठी! हिची सख्खी बहीण बरोब्बर समोर राहते, पण हिचे गुडघे हे असे आणि गाड्या त्या तशा! गेली दोन वर्षं तर दोघी आपापल्या गॅलरीतून फोनवर बोलतायत, हात हलवतायत... तुम्हाला सांगतो, बघवत नाही हो. मी शब्द दिला होता, "हात धरून मी नेईन तुला पलीकडे." मी!

तर या बाईंकडे रस्त्यांचे इंजिनियरसाहेब पँट आखूड करायला टाकतात. एक दिवस आले, गाडीतूनच ओरडले, "झाली का हो?" बाई काय म्हणाव्यात? "झाली की! पण समोर, आमच्या वरच्या काकांच्या मेहुणीकडे ठेवलीय. जा, घेऊन या." गाडी वळवायची तर थेट पुलापर्यंत जायचं, आणि साहेबांना मीटिंगची घाई! उतरले बिचारे. एक पाऊल पुढे, दोन मागे... "अरे, थांबा! अहो, माणूस आहे मी!" वीस मिनिटं! कपाळाला घाम! पाचव्या दिवशी पट्टे, गतिरोधक, सगळं हजर. मी वरून बघत होतो, हातात बेचाळिसावा अर्ज. हेवा? छे!

आणि पहिल्या दिवशी हिला हात धरून पलीकडे कुणी नेलं? बाईंनी! दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या, सगळ्या बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या, बाईंना फुलं दिली. मला कुणीतरी म्हणालं, "काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय."

मग मीही ठरवलं, त्या पट्ट्यांवर पाय ठेवणार नाही! मेहुणीकडे जातो, पण पुलावरून, अर्धा तास चालत. आणि काय सांगू, पुलाजवळ फूटपाथच नाही! गटारावर झाकण नाही! काल पाय जाता जाता वाचला. घरी आलो, तडक कागद घेतला, "महोदय..." लिहिलं, तर ही म्हणते, "अहो, अर्ज राहू द्या. खाली जाऊन विचारा, साहेबांची दुसरी पँट कधी येतेय."

हेवा नाही हो, पण जळतं आतून, काय करू?

गेलो खाली. विचारलं. गुरुवारी येतेय म्हणाल्या.