रंगवलेला पूल

विकास मंडळाच्या कचेरीत माझा नंबर दुसरा होता. माझ्यापुढे एका गावच्या सरपंचबाई आणि त्यांचे लेखनिक साहेबांच्या टेबलाशी उभे होते. नव्या पुलाच्या अर्जाचा त्या दिवशी निकाल लागायचा होता.

"अर्ज नामंजूर करावा लागेल, बाई. मंडळ मदत करतं ती मोडकळीला आलेल्या पुलांना. तुमचा मी स्वतः पाहिला. झकास आहे."

"दिसतो झकास, साहेब. तुम्ही येणार म्हणून आमच्या लेखनिकांनी रंगवून घेतला."

"पाहुण्यांसमोर गावाची शोभा नको, म्हटलं."

"तुम्ही गप्प बसा हो! साहेब, रंगाखालची लाकडं कुजलीत. शाळेची पोरं रोज एकेक करून पलीकडे जातात."

"मग पाहणीच्या वेळी तोंडाला कुलूप होतं का?"

"सांगणारच होतो. पण तुम्ही तडक पुलावर निघालात. ओरडलो असतो, तर दचकला असतात."

"अहो, पण मी आरामात पलीकडे पोचलो!"

"पोचलात, नशीब आमचं."

"अख्खं गाव तर होतं माझ्याबरोबर!"

"होतं ना. अलीकडे उभं होतं."

"मला वाटलं, मान म्हणून मागे राहिलात."

"मान तर होताच. शिवाय लेखनिकांनी दोरही आणून ठेवला होता."

"दोर?"

"चांगला जाड होता, साहेब."

"अहो, परतताना मी मधोमध थांबून फोटो काढला!"

"तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, साहेब."

साहेबांनी हातातला नामंजुरीचा शिक्का खणात ठेवून दिला.

"बसा ना, बाई. उभ्या का? द्या तो अर्ज इकडे."