सगळ्यात शांत महिना

(कॅरिबियन समुद्रातलं कॅरिआकू बेट. समुद्रासमोरचं छोटंसं पाहुणेघर. ओट्यावर मालकीण इयांथी आणि तिची सासू मा क्वाशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या आहेत. दोघींच्या मध्ये फोन वाजतो आहे.)

मा क्वाशी : उचल की गं तो. सकाळपासून बोंबलतोय नुसता.

इयांथी : बोंबलू दे.

मा क्वाशी : आहे कोण एवढं?

इयांथी : फिलिपाबाई.

मा क्वाशी : कोण फिलिपा?

इयांथी : आई, तुम्हाला चांगलं माहीत आहे कोण ते.

मा क्वाशी : ती टोपीवाली?

इयांथी : टोपी तिच्या नवऱ्याची होती.

मा क्वाशी : एकाच घरातली ना दोघं? मग झालं. काय पाहिजे तिला आता?

इयांथी : काल निरोप होता तिचा. पुन्हा सुट्टीला यायचंय म्हणते. बेटावर सगळ्यात शांत वेळ कुठली, विचारतेय.

मा क्वाशी : पुन्हा विचारते? मागच्या खेपेला सांगितलं होतंस की तू. सप्टेंबर.

इयांथी : हो. सांगितलं होतं.

मा क्वाशी : शेंबडं पोरसुद्धा सांगेल, सप्टेंबर म्हणजे वादळाचा महिना.

इयांथी : सगळेच पाहुणेघरवाले तसं सांगतात. शांत आहे, गर्दी नाही, या. वादळ का दर वर्षी येतं? लेम्युएलच म्हणाला होता, सांगून टाक, मी आहे ना.

मा क्वाशी : होताच तो! पाहुण्यांपुढे पुढे करायचं, तहानभूक विसरायची. वाळूच्या बेटावरून दोघांना सुखरूप आणलंन् धक्क्यावर. समुद्र कसा उसळायला लागला होता, मी इथूनच बघत होते. आणि तो म्हातारा म्हणतो, माझी टोपी राहिली तिकडे. टोपी! त्या टोपीपायी माझा पोरगा...

इयांथी : काय? बोला. तुमचा पोरगा काय?

मा क्वाशी : गेला तो अजून आला नाही.

इयांथी : दुसरा सप्टेंबर उलटला, आई.

मा क्वाशी : उलटू दे. तुझ्या सासऱ्याचा चुलतभाऊ नव्हता का असाच गेला? सगळ्या गावानं रडून घेतलं, आणि हा बाबा व्हेनेझुएलाहून नवी बायको घेऊन धक्क्यावर उतरला. पहिली बायको मारायला धावली त्याला, मेला कसा नाहीस म्हणून.

इयांथी : लेम्युएल दुसरी बायको घेऊन आला ना, तर मी ओवाळीन तिला.

मा क्वाशी : मग वाट बघ. आणि त्या बाईला सांग, इकडे फिरकू नकोस.

इयांथी : मला तिचा राग येत नाही. टोपीचाही नाही. मला राग येतो तो त्या शांततेचा. बघा आज खाडीत. शिडाला शीड घासतंय, पाय ठेवायला जागा नाही. आज कोणाचं इंजिन बंद पडू दे, दहा जण दोर घेऊन धावतील. त्या दिवशी पाण्यावर काळं कुत्रं नव्हतं. त्यानं हाका मारल्या असतील, आई. तो काय गप्प बुडणारा माणूस होता? कोण ऐकणार होतं त्या हाका?

मा क्वाशी : बुडला म्हणू नकोस.

इयांथी : मग काय म्हणू? समोरच्या खोलीत पलंगावर दगड झोपलाय. त्यावर त्याचं नाव कोरलंय. वर पांढरी चादर. ऐन गर्दीत सगळ्यात चांगली खोली बंद, पाहुणे विचारतात का, तर मी सांगते छप्पर गळतंय. शिला घरात आणून ठेवली की काही दिवसांत कबरीवर बसवायची असते. ही वर्षभर पडून आहे.

मा क्वाशी : मला विचारून आणली होतीस?

इयांथी : विचारते आहेच की तेव्हापासून. आईनं पहिलं पाणी ओतल्याशिवाय कोणी हात लावणार नाही तिला. तुम्ही हो म्हणत नाही.

मा क्वाशी : कसं म्हणू? मेलेला माणूस स्वप्नात येतो. स्वतःच्या तोंडानं मागतो, मला जेवू घाला, माझी शिला बसवा. माझी आई आली, तुझा सासरा आला, मला ठार न आवडणारी नणंदसुद्धा आली. लेम्युएल आला नाही. आला नाही म्हणजे मेला नाही. रिकाम्या खड्ड्यावर दगड ठेवायला मी काय वेडी आहे?

इयांथी : मग ते ताट कोणासाठी असतं?

मा क्वाशी : कुठलं ताट?

इयांथी : रोज रात्री झाकून ठेवता ते. सकाळी कोंबड्यांना घालता ते.

मा क्वाशी : त्याच्यासाठीच. अवेळी आला तर माझा पोरगा उपाशी झोपेल का?

इयांथी : काल मी त्यातला एक घास खाल्ला.

मा क्वाशी : त्याच्या ताटातला? लाज नाही वाटली?

इयांथी : मीठ नव्हतं त्यात.

मा क्वाशी : विसरले असेन. म्हातारं माणूस.

इयांथी : माझ्या दाण्यांत होतं. तुमच्या दाण्यांत होतं. तुम्ही त्याचं वेगळ्या भांड्यात शिजवता, आई. अळणी.

मा क्वाशी : हात चालव. शेंगा सुकतायत.

इयांथी : लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या सासऱ्यांसाठी ताट वाढायचं होतं. मी भातात मीठ घातलं, तर तुम्ही सगळं पातेलं ओतून दिलंत. म्हणालात, मेलेल्यांना मीठ चालत नाही, एवढंही आईनं शिकवलं नाही का?

मा क्वाशी : फोन वाजतोय बघ.

इयांथी : कधीपासून अळणी वाढताय त्याला?

मा क्वाशी : उचल तो फोन, इयांथी.

इयांथी : हात भरलेत माझे. असाच स्पीकरवर चालू करते, बोलेल ती ओट्यावर. ... हॅलो.

फिलिपा : इयांथी! अखेर सापडलात. मी तुम्हाला फार त्रास देतेय का? तुमच्याकडे आता गर्दीचे दिवस असतील.

इयांथी : बोला, फिलिपाबाई. साहेब कसे आहेत?

फिलिपा : रॉबिन गेले. नाताळच्या आधी. बरेच दिवस अंथरुणात होते.

इयांथी : अरे देवा. वाईट झालं हो.

फिलिपा : शेवटी शेवटी त्यांना तुमचंच बेट आठवायचं. ती समोरची खोली, सकाळचं कॉर्नब्रेड. त्या दोन आठवड्यांत आम्हाला तिसरा पाहुणासुद्धा भेटला नव्हता, किती सुंदर शांतता होती! मला तशीच वेळ हवी आहे. इथे सगळे सारखे समजूत घालायला येतात, मला माणसं नकोशी झाली आहेत. पुन्हा सप्टेंबरच बरा ना?

इयांथी : सप्टेंबर...

फिलिपा : आणि लेम्युएलना विचारून ठेवा, मला एकदा त्या वाळूच्या बेटावर नेतील का. रॉबिनची थोडी राख तिथे सोडायची आहे. आमच्या घरात लेम्युएलचं नाव निघालं नाही असा आठवडा जात नसे. रॉबिन हसून म्हणायचे, तो भला माणूस अजून माझी टोपी शोधत असेल. ... इयांथी? ऐकू येतंय ना?

इयांथी : येतंय.

फिलिपा : मी काही चुकीचं बोलले का?

मा क्वाशी : शोधत नाही तो.

फिलिपा : कोण बोलतंय?

मा क्वाशी : त्याची आई. माझा लेम्युएल मेला, बाई. तुमची टोपी आणायला परत गेला, त्याच संध्याकाळी मेला.

फिलिपा : पण... पण तुम्ही म्हणाला होतात, तो पलीकडच्या खाडीत थांबला असेल. वारा पडला की येईल. आम्ही सकाळच्या बोटीनं निघालो तेव्हा तुम्ही आम्हाला हात करत होतात, इयांथी.

इयांथी : मला तसंच वाटत होतं तेव्हा. होडी तिसऱ्या दिवशी सापडली, पालथी. नंतर तुम्हाला सांगवलं नाही.

फिलिपा : आम्ही नको म्हटलं होतं त्यांना. शपथेवर सांगते. रॉबिन म्हणाले, जुनी टोपी आहे, राहू दे.

इयांथी : माहीत आहे. पाहुण्याचं काही हरवलं की त्याला घास जात नसे. तुम्ही सोन्याची म्हणाला असतात तरी गेला असता, फाटकी म्हणालात तरी गेला.

फिलिपा : आणि आम्ही त्यावर हसत होतो. दोन वर्षं आम्ही त्यावर हसत होतो.

मा क्वाशी : रडून घ्या. इकडे आम्हाला अजून तेही जमलेलं नाही. माझ्यामुळे.

इयांथी : आई?

मा क्वाशी : आला होता तो, पोरी. स्वप्नात. गेला त्याच महिन्यात आला. दारात उभा, चिंब ओला. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाला, आई, भूक लागलीय. दुसऱ्या दिवसापासून मी मीठ बंद केलं.

इयांथी : आणि मला सांगितलं नाहीत. मी रोज रात्री कडी न लावता झोपते, आई. तुम्ही बघत होतात.

मा क्वाशी : सांगितलं असतं तर तू शिला बसवली असतीस. शिला बसली की माणूस खरंच जातो. मला वाटलं, पोटाला घालत राहीन, तेवढ्यावर थांबेल इथेच. ताटकळत ठेवलं मी त्याला. आईनंच.

फिलिपा : मी... मी फोन ठेवते. पुन्हा कधी त्रास देणार नाही तुम्हाला.

मा क्वाशी : थांब. शांत वेळ विचारत होतीस ना?

फिलिपा : आता नको, मा.

मा क्वाशी : ऐक माझं. ईस्टर झाला की ये, लेम्युएलची शिला बसवू. शांतता बिंतता काही मिळायची नाही. रात्रभर ढोल वाजतील, बोकड कापू, अख्खं गाव अंगणात नाचेल, तुला डोळ्याला डोळा लावू देणार नाहीत. माझ्या पोराला पुष्कळ झाली शांतता. तुझ्या नवऱ्याचंही नाव घेऊ. त्याचंही ताट वाढू, त्याला काय आवडायचं ते सांगून ठेव. फक्त मीठ घालता येणार नाही.

फिलिपा : मी खरंच येऊ? तुम्हाला मी समोर चालेन?

मा क्वाशी : ते तू आल्यावर कळेल मला. पण ये.

फिलिपा : येते. इयांथी... येते मी.

इयांथी : या. सांभाळून या.

मा क्वाशी : ठेवला तिनं?

इयांथी : ठेवला.

मा क्वाशी : मग बघत काय बसलीस? शेंगा संपव. मग समोरच्या खोलीतली ती चादर धुवायला काढ. त्या बाईला पलंग लागेल.