विंगेत बसलेली लेक

...आणि तेही स्टेजवर नाही हो, विंगेत! तुम्हाला सांगते, स्टेजवर असती तर निदान शेजारणीला बोट करून दाखवता आलं असतं, ती बघा आमची, पण आमची लेक कॉलेजच्या नाटकात प्रॉम्प्टर, म्हणजे काय, तर पडद्याआड अंधारात बसायचं आणि कुणी वाक्य विसरलं की हळूच पुढचा शब्द द्यायचा, तीन वर्षं हेच, आणि मी रोज विचारायची, "अगं, याचे मार्क मिळतात का?"

"नाही गं आई."

मग? पुस्तक उघडं, चहा गार, आणि ही तालमीला. घरीही तेच. मी ह्यांना म्हणावं, "अहो, येताना जरा ते..." की आतल्या खोलीतून हलकेच, "साबण." झोपेतसुद्धा ओठ हलायचे तिचे. पांघरूण सारखं करताना वाटायचं, स्वप्नात कोण बरं अडलंय, कुणाला शब्द देतेय ही...

एकदा गेले नाटकाला. सगळे स्टेजकडे बघत होते, मी विंगेकडे. निळ्या उजेडात एक कोपर दिसलं, बस. नायक मध्येच थांबला, आणि मग कुठूनसा पिसासारखा तरंगत शब्द आला नि त्याच्या ओठांवर बसला. टाळ्या त्याला! मी त्या कोपराकडेच बघत राहिले. तरी घरी येऊन विचारलंच, याचे मार्क मिळतात का?

कारण मार्क बेताचेच. नोकरीसाठी दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीत साहेब म्हणाले, "समजा, गिऱ्हाईक घाबरलंय, फोनवर बोलता बोलता त्याचं वाक्य... वाक्य..." आणि ही सवयीनं, हळूच, "अडलं."

मी ऐकलं तेव्हा म्हटलं, झालं, ही नोकरीही गेली. पण साहेब म्हणे हसले, मार्कांचा कागद बाजूला ठेवून नाटकाचंच विचारत बसले. मिळाली की हो नोकरी! दिवसभर फोनवर अडलेल्या माणसांना शब्द द्यायचा. पगारी विंगच म्हणा ना.

आता ती कामावर, घर शांत. मी म्हणते, "अहो, जरा ते..." आणि थांबते. आतल्या खोलीतून काही येत नाही. हे म्हणतात, "ते म्हणजे कुठलं ते?"

परवा शेजारीण कुरकुरत होती, मुलगा अभ्यास सोडून झाडं लावणाऱ्यांच्या गटात जातो म्हणून. म्हटलं, जाऊ दे त्याला. फक्त माझ्यासारखं विचारू नकोस, की याचे... अहो, मी रोज विचारायची ना, याचे... याचे...

बघा. तीन वर्षं घोकलेलं वाक्य, आणि आता विंगेत कुणी नाही.