काचेपलीकडची सही

(वकीलबाईंच्या कचेरीची मागची खिडकी. आत वकीलबाई आणि त्यांचा जुना कारकून. बाहेर बाकावर मावशी, त्यांच्या अशील. मध्ये बंद काच, त्यामुळे बोलणं फोनवरून.)

मावशी : ऐकू येतंय हो. पण तुम्ही दिसता समोर आणि बोलता कानात. माझा गोंधळच उडतो.

वकीलबाई : माझाही उडतो, मावशी. साथ आल्यापासून सगळ्यांची कामं अशीच चाललीत. कागद तुमच्यापुढच्या ट्रेमध्ये आहेत. पेन कोरं आहे, सही झाली की घरी घेऊन जा.

कारकून : बाई, साक्षीदार आलेत. शेजारचे औषधवाले आणि त्यांचा भाऊ. फाटकापाशी लांब लांब उभे केलेत. मावशींचा मुलगा गाडीतून उतरून तीनदा विचारून गेला, झालं का म्हणून. नमनालाच घडाभर तेल जातंय आपलं.

वकीलबाई : त्यांना गाडीतच बसू द्या. अंगणात अशील सोडून कोणी नको. मावशी, सहीआधी वाचून दाखवते. ‘माझं राहतं घर मी माझ्या मुलाला बक्षीस देत आहे. आजपासून ते त्याच्या मालकीचं.’

मावशी : आजपासून नाही. माझ्यामागे.

वकीलबाई : काय म्हणालात?

मावशी : मी गेल्यावर. आज कसं? आज मी राहतेय ना तिथे.

कारकून : आली का पंचाईत. मी चार प्रती छापून बसलोय.

वकीलबाई : थांबा हो जरा. मावशी, व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला दोन वेळा विचारलं, घर मुलाला द्यायचं ना? तुम्ही हो म्हणालात.

मावशी : द्यायचंच आहे. मला दुसरं आहे कोण? तो म्हणाला, दिवस असे आलेत, माणसाचा काय भरवसा, मृत्युपत्र करून ठेवू.

वकीलबाई : मला त्यांनी बक्षीसपत्र करायला सांगितलं. आईची तशी इच्छा आहे म्हणाले.

मावशी : मग मीच चुकीचं ऐकलं का? की तुम्ही? मला काही कळेनासंच झालंय.

वकीलबाई : मी विचारलं होतं, खोलीत आणखी कोणी आहे का. तुम्ही नाही म्हणालात.

मावशी : नव्हतंच कोणी.

वकीलबाई : मग फोन कोणी धरला होता?

मावशी : मुलाने. मला कुठे येतं ते?

वकीलबाई : म्हणजे ते होते तिथे.

मावशी : होता की. पण तो कोणी परका आहे का? मुलगा आहे माझा.

कारकून : बाई, पूर्वीसारखं कचेरीत बोलावलं असतं तर आपण त्याला बाहेर बसवला असता.

वकीलबाई : हो. चूक माझी आहे. मावशींचा चेहरा दिसला तेवढ्यावर मी समाधान मानलं. फोन धरणारा दिसत नाही, हे डोक्यातच आलं नाही.

मावशी : आज सही केली तर तो मला बाहेर काढेल?

वकीलबाई : काढतील असं मी म्हणत नाही. पण घर त्यांचं होईल. विकायचं ठरवलं तर तुम्हाला अडवता येणार नाही.

मावशी : पाच महिने दुकान बंद आहे त्याचं. घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो. वाईट नाही हो तो, घाबरलाय. आणि मला त्याची दया येते, म्हणून मी विचारतही नाही काही.

वकीलबाई : सही करायची की नाही, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीच सांगायचं. घाई नाही.

मावशी : सदतीस वर्षं लोकांचे कपडे शिवून एकेक खोली वाढवली मी. माझ्यामागे सगळं त्याचंच आहे. पण आज नको.

वकीलबाई : नक्की?

मावशी : नक्की. भीती वाटतेय, पण नक्की.

कारकून : मग साक्षीदारांना जा म्हणतो. आणि मुलाचं काय? तो बघा, परत फाटकाशी आलाय.

वकीलबाई : त्यांना मी सांगते.

मावशी : तुम्ही सांगितलंत तर म्हणेल, वकिलाने आईला फितवलं. मलाच सांगायला हवं. पण माझ्याकडून ‘नको’ त्याने आजवर ऐकलेलं नाही.

वकीलबाई : फाटकापाशी उभ्या राहून सांगा. मी आहे इथे, हलत नाही.

मावशी : लांबूनच सांगते. मास्क जरा खाली घेतला तर चालेल? माझं तोंड दिसल्याशिवाय त्याला खरं वाटायचं नाही.