घरात माणसं किती?

...अहो, पण मीच का? गावात एवढी घरं, आणि त्या पाहणीवाल्याला माझीच पडवी दिसावी? चौतीस सालची गोष्ट. वेळणेश्वरात माझं विडीकाडीचं दुकान. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातला हा तरणा मास्तर, डोक्याला सोला हॅट, म्हणतो कसा, 'भिकाजीशेठ, कोण परमुलखात, मागे घरात माणसं किती, एवढंच विचारायचंय. तुम्ही सोबत असलात की लोक बोलतील!' बोलतील? अहो, माणूस मोजला की कमी होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण शेठ म्हणाला ना... फुगलो! निघालो! नसती उठाठेव!

पहिल्या घराचं दार धाडकन लागलं. दुसरीकडे यमुनाकाकू खिडकीतून, 'मेल्या भिक्या, मागं असेच मोजून गेले, नि पटकीनं माझा धोंडू नेला! चालता हो!' तिसरीकडे कुत्रा. नसती उठाठेव!

शेवटी राहीवैनीचं घर. तिचा नवरा सदू बोटीवर खलाशी. बोट केव्हाच बुडाली हे अख्ख्या गावाला ठाऊक, तिला सोडून. दार सताड उघडं! मास्तरानं विचारलं, 'घरात माणसं किती?'

'दोघं.'

'दुसरं कोण?'

'हे काय, जेवतायत की!'

पाट रिकामा हो! पण पुढ्यात ताट, ताटात भात, आणि भाताला वाफ... तुम्हाला सांगतो, मी डोळ्यांनी खुणावतोय, लिहा हो, लिहा! मास्तर घसा खाकरून म्हणाला, 'यांचा... धंदा?'

वैनी हसली. कित्येक वर्षांनी! 'बोटीवर होते. आता घरीच असतात.'

लिहिलंन त्यानं!

झालं! दिवस कलायच्या आत माझ्या पडवीत ही गर्दी! यमुनाकाकू सगळ्यांच्या पुढं. 'माझा धोंडू लिही रे. गेला म्हणून काय घरातला नाही?' 'माझी चिमा लिही, पाळण्यातली...' कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. गेलेल्यांची नावं सांगून झाली की माणसं जिवंतांची आपणहून सांगत होती! मास्तर रडकुंडीला, 'शेठ, यातले मेलेले वेगळे कसे काढू?' म्हटलं, 'आमचा जन्म गेला, आम्हाला जमलं नाही, तुम्हाला काय जमणार?' नसती उठाठेव!

पडवी रिकामी झाली. मास्तर म्हणाला, 'तुमचंच राहिलं, शेठ. घरात माणसं किती?'

'एक' म्हणायला तोंड उघडलं... तोच आत बांगड्या वाजल्या. मास्तराला नाही ऐकू आल्या. माझी बायको विमला जाऊन बरीच वर्षं झाली हो, तिच्या बांगड्या मीच ओळखणार...

म्हटलं, 'दोन लिहा, मास्तर. तुम्ही जाल मुंबईला. तिची बोलणी मला खायचीत!'