रांगेतली मोकळी जागा

जमलेल्या सर्व मंडळींना नमस्कार. कापूस वेचणीचे दिवस असूनही तुम्ही कामं टाकून आलात. मला चार माणसांत बोलायची सवय नाही. आमच्या घरातलं बोलणं दादाच करायचा. आज तो नाही, म्हणून मी उभा राहिलो.

दादा माझा थोरला भाऊ. तुम्हाला तो माहीत आहे, आणि त्याच्या फोटोंचा त्रासही माहीत आहे. दर हिवाळ्यात आमच्या वावरात रोडग्यांचं जेवण व्हायचं. कणकेचे रोडगे निखाऱ्यावर भाजून झाले, वांग्याच्या भाजीचा वास सुटला, की दादा कॅमेरा काढायचा. सगळ्यांना उन्हाकडे तोंड करून उभं करायचा. थंडीत ऊन बरं वाटायचं, पण डोळे उघडत नसत. आमच्या घरच्या प्रत्येक फोटोत सगळे झोपलेले दिसतात. कोणाचं डोकं कापलेलं, कोणाच्या मफलरचं टोक तेवढं आलेलं. वहिनी मागून म्हणायच्या, "फोटो काढून राह्यले का वरात लावून राह्यले? रोडगे थंडे होऊन राह्यले."

दादा ऐकायचा नाही. जागा ठरलेल्या. मोठे मागे, लेकरं पुढे, आणि मी वहिनींच्या बाजूला.

तीन वर्षांपूर्वी वावराची वाटणी झाली. एका तासावरून, कपाशीच्या एका ओळीवरून, आमचं बिनसलं. धुरा, म्हणजे मधला बांध, कोणाकडून सरकला, हे मला आजही माहीत नाही. पण मी दिग्रसच्या एसटी स्टँडवर, लोकांसमोर, दादाला बेईमान म्हणालो. तुमच्यापैकी काही जण तिथे होते. दादानं पिशवी उचलली आणि गाडीत जाऊन बसला.

मी पुसदला राहतो. फार लांब नाही. तरी तीन हिवाळे मी रोडग्यांना आलो नाही. दरवर्षी दादाचा फोन यायचा. रविवारी रोडगे आहेत, एवढंच सांगायचा. मी ऑफिसचं काम सांगायचो.

परवा या शोकसभेसाठी दादाचा फोटो शोधत वहिनींसोबत अल्बम पाहत होतो. शेवटचे तीन हिवाळे पाहिले. तिन्ही फोटोंत रांगेच्या मधोमध मोकळी जागा. तिथं मागची तूर दिसते. मला हसू आलं. म्हटलं, दादाला शेवटपर्यंत माणसं नीट उभी करता आली नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आम्ही जवळजवळच उभे होतो. त्यायनंच सरकवलं. मी म्हटलं, एवढी जागा खाली काहून ठेवता? तर म्हणे, ते त्याची जागा हाय. तिथं कोणी उभं राहू नका."

मी बराच वेळ ती तूर पाहत बसलो.

मंडळी, दादा चांगला होता, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मला दुसरं सांगायचं आहे. लोकांसमोर बोललेलं लोकांसमोरच मागे घेतलं पाहिजे. माझा भाऊ बेईमान नव्हता. तो तास त्याचा असो की माझा, तो बेईमान नव्हता. हे मी त्याला फोनवर सांगू शकलो असतो. तीनदा सांगू शकलो असतो. सांगितलं नाही.

आता दादासाठी आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या.